बोटच तर आहे!

मैदानावर गुडघा दुखावला की सगळे गंभीर होतात. बोट दुखावलं की कोणीतरी पुढे येतो, ते धरून ओढतो, थंड फवारा मारतो आणि म्हणतो, ‘बोटच तर आहे, खेळ!’ ओढणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आत हाड मोडलंय की सांधा निखळलाय, हे एक्स-रे काढल्याशिवाय त्यालाही कळत नाही.

कीपरची खास दुखापत म्हणजे चेंडू थेट बोटाच्या टोकावर आदळणं. शेवटचं पेर झटक्यात वाकतं, ते उचलून धरणारी कंडरा तुटते किंवा हाडाचा कपचा घेऊन सुटते आणि पेर लोंबतं. दुसऱ्या हाताने सरळ करता येतं, आपलं आपण होत नाही. उपचार दिसायला अगदी किरकोळ: त्या सांध्यावर छोटं स्प्लिंट, सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. गोम इथेच आहे. आंघोळीला स्प्लिंट काढलं आणि पेर एकदा जरी झुकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मधल्या सांध्याची तऱ्हा बऱ्याचदा उलटी. तो विनाकारण बांधून ठेवला की आखडतो, म्हणून साध्या मुरगळीत शेजारच्या बोटाशी पट्टीने जोडून तो लवकर हलवायला लावतात. मित्राच्या बोटावरून आपल्या बोटाचा हिशेब करू नये तो यामुळेच.

७ डिसेंबर २०२२ला मीरपूरच्या एकदिवसीय सामन्यात स्लिपमध्ये रोहित शर्माचा डावा अंगठा दुखावला. तरी तो नवव्या क्रमांकावर आला आणि २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा केल्या. भारत पाच धावांनी हरला. ही खेळी सगळ्यांच्या तोंडी असते. त्यानंतर बांगलादेशातल्या दोन्ही कसोटी तो खेळला नाही, हे मात्र क्लबातल्या पोरांना आठवण करून द्यावं लागतं. २०२१च्या जानेवारीत सिडनीत रवींद्र जडेजाचा अंगठा गेला, तेव्हा इंग्लंडविरुद्धची मायदेशातली अख्खी मालिका हुकली. आणि सुनील गावसकर? १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातली पहिली कसोटी त्यांना नखुरड्यामुळे सोडावी लागली. दुसऱ्या कसोटीत पदार्पण केलं आणि चार सामन्यांत ७७४ धावा काढल्या.

हाड जुळलं तरी हात लगेच जुळत नाहीत. धास्तावलेला कीपर चेंडू येण्याची वाट न बघता त्याच्यावर झडप घालतो. हात ताठ होतात, बोटांची टोकं चेंडूच्या समोर येतात आणि तेच बोट पुन्हा सापडतं. बोटं खाली, वर किंवा बाजूला, पण चेंडूवर रोखलेली कधीच नाहीत, हा धडा त्याला नव्याने गिरवावा लागतो. त्यासाठी भिंत आणि टेनिस बॉल यांच्यासारखे गुरू नाहीत. आधी उघड्या हातांनी, चेंडू शेवटपर्यंत बघत, हात किंचित मागे घेत. मग ग्लोव्हज घालून सीझन बॉल, तोही जवळून अलगद फेकलेला. मधे बॅट आणि बॅटची कड सगळ्यात शेवटी, कारण पापणी मिटते ती तिथेच. पुनरागमनासाठी कांगा लीग निवडू नये, असं आपलं माझं मत. १९४८पासून पावसाळ्यात चालणाऱ्या या स्पर्धेतल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी छातीपर्यंत उसळेल आणि कधी घोट्याशी राहील, हे बोलरलाही ठाऊक नसतं.

सूज महिनोन्महिने रेंगाळते. जुन्या ग्लोव्हजमध्ये तेवढं एकच बोट घट्ट बसतं, मग आतला इनर एक माप मोठा घ्यावा लागतो. आणि कर्णधाराने ‘आज कीपिंग नको, नुसती फिल्डिंग कर’ म्हणून दया दाखवली, तर आणखी एक भानगड. कीपर सोडून इतर क्षेत्ररक्षकाला हाताला किंवा बोटाला संरक्षक पट्टी बांधायची तर पंचांची संमती लागते. ती नाणेफेकीच्या वेळीच मागून ठेवावी. झेल सुटल्यावर पट्टीचा विषय काढला, तर स्लिपमधले सोबती काय बोलतात ते इथे छापता येणार नाही.