दूध भट्टीला गेले

कॉलेजची पायरी आमच्या घरात पहिल्यांदा मी चढले आणि त्याच वर्षी आज्जी न्हाणीच्या पायरीवरून पडली. मार्गशीर्षातली पहाट होती. न्हाणीतला बल्ब दोन दिवसांपूर्वीच गेलेला. ‘उद्या आणू’ म्हणत तसाच राहिलेला. आदल्या रात्री मी तिथे कपडे धुतले होते आणि शहाबादी फरशीवरचे साबणाचे पाणी न काढताच अभ्यासाला बसले होते. हे मी घरात अजून कुणाला सांगितलेले नाही.

खुब्याचे हाड मोडले. सोलापूरला नेऊन ऑपरेशन करावे लागले. त्यासाठी दावणीची एक म्हैस विकली. भेटायला येणारे म्हणत, “म्हातारं माणूस, पडायचंच.” ते ऐकून मला बरे वाटे, कारण त्यात माझा साबण कुठे येत नव्हता.

पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि वडिलांना विचारले, “हाड आधीच ठिसूळ झालंय. आजी दूध घेतात का?” वडील खाली बघत राहिले.

आमचा भूम तालुका खव्याचा. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांला केवढा अभिमान वाटला! सुमारे पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा होतो. आज्जीने चाळीस वर्षे धारा काढल्या. दूध भट्टीला गेले. तिच्या वाट्याला ज्वारीची भाकरी आणि कोरा चहा. ग्रंथालयात बसून मी वाचले, की पाळी गेल्यावर बाईची हाडे झपाट्याने झिजतात आणि त्या वयात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तिसाच्या आसपास, तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या वर आणि पेलाभर दुधात दोनशेहून जास्त. ऊन आणि चालणे हेही हाडांना हवे. ते आज्जीला उभा जन्म मिळाले. मिळाले नाही ते स्वतःच्या म्हशीचे दूध.

यंदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात देऊळ झाडून झाल्यावर आम्ही मुली वस्तीतल्या न्हाण्या बघत फिरलो. “न्हाणीत काय बघायचं गं?” म्हणत बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवाळ, अंधार, गुळगुळीत दगड आणि हाताला धरायला काही नाही, हे बहुतेक घरी सारखेच. शेवाळ घासून काढले. दोन-तीन घरी भिंतीला लोखंडी नळीचा तुकडा बसवून घेतला. एका बल्बची किंमत आणि एका म्हशीची किंमत यांतला फरक मला आता पाठ झाला आहे.

आज्जी हल्ली वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. मी हट्टाने रोज दोन पेले दूध बाजूला काढते. एक माझा, कारण हाडांत भर पडते ती तिशीच्या आतच, आणि एक आज्जीचा. आज्जी म्हणते, “मला आता कशाला? तुझी आई पन्नाशीला आली, तिला दे.” आई म्हणते, “इकायचं दूध पिऊन घर चालतं का, बाई?” पेला दोघींमध्ये फिरत राहतो. शेवटी अर्धा अर्धा होतो.

साबणाच्या पाण्याचे मात्र इथेच पहिल्यांदा लिहिते आहे. अंक हाती आला की घरी नेईन. आज्जीला वाचता येत नाही. वाचून मलाच दाखवावे लागेल.