कूलरसमोर 'राझी'

जळगावात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही. कूलरसमोर बसून धुळ्याच्या मावशीबरोबर मेघना गुलजारचा 'राझी' (२०१८) पुन्हा पाहिला.

१९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घरात सून होऊन गेलेली हेर, सेहमत. आलिया भट गाजली. माझा जीव मात्र विकी कौशलच्या इक्बालमध्ये अडकला. शत्रूचा अधिकारी, आणि इतका समंजस नवरा! हिंदी पडद्यावर पाकिस्तानी घर असं जिव्हाळ्याचं क्वचितच दिसतं. म्हणूनच सेहमत जुन्या नोकरावर, अब्दुलवर, जीप घालते तेव्हा टाळी वाजत नाही, पोटात कालवतं. "कितली धीट शे व माय ही पोर!" म्हणून मावशी बराच वेळ गप्प.

खटकलं ते प्रशिक्षण. कॉलेजातली पोर इतक्या झटपट हेर? आणि बड्या फौजी घरात चोरून संदेश जातात, कुणाला पत्ता नाही! आमच्या गल्लीत कळण्याच्या भाकरीचा वास तीन घरं लपत नाही.

अमृता खानविलकरची मुनिरा तर वायाच घालवली. तिचा नवरा सेहमतच्या हातून जातो, आणि जावेचं दुःख घाईत उरकलं जातं. रात्री शेवभाजी वाढताना मावशीनं तेच विचारलं, "तिनं काय जायं मंग?"