खंजिराचा दाखला

मास्तराकडे माणसे येतात ती बहुधा दाखला मागायला. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला! इतक्या वर्षांच्या नोकरीत मी किती दाखले लिहिले असतील याची गणतीच नाही. एखादा बाप हळूच म्हणतो, "गुरुजी, पोराचे वय तेवढे वर्षभराने कमी टाका की!" आणि मी आढ्याकडे बघत म्हणतो, "रजिस्टरात आहे तेच लिहिणार हो!"

पण गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एक गृहस्थ आले आणि त्यांनी दाखला मागितला तो माणसाचा नव्हे, खंजिराचा! त्या वेळी मात्र आढ्याकडे बघणे मला जड गेले; कारण आढे गळत होते.

खंजीर आमच्या घरात आला तो १९४६ साली. आजोबा मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले होते. परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक लोकरी कांबळे, एक मग आणि हा जर्मन खंजीर होता. मराठ्यांनी त्या मुलखात मोठे नाव मिळवले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी नामदेव जाधवांनी गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा कथा ऐकणाऱ्या गावाने आमच्या खंजिरालाही एक कथा जोडून दिली नसती तरच नवल! आजोबांनी म्हणे एका जर्मन कप्तानाला लोळवले आणि त्याच्या कमरेचा खंजीर ओढून घेतला. चावडीवर ही हकिकत निघाली की आजोबा अडकित्ता काढून सुपारी कातरीत बसत. ना होय म्हणत, ना नाही.

खंजीर दिसायला मोठा रुबाबदार. पिवळसर मूठ, मुठीच्या तळाशी पंख पसरलेला गरुड. पण आजीने एकदा त्याने फणस कापू पाहिला, तर पात्याला धारच नाही! "नवरदेवाच्या कट्यारीसारखाच की हा, नुसता मिरवायचा," असे म्हणून तिने त्याला गुळाची ढेप फोडायच्या कामाला लावले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मात्र त्याची पूजा होई. गरुडाच्या नखांत स्वस्तिक होते ना! आजी त्यावर भक्तिभावाने हळदकुंकू वाही.

पुढे मी मास्तर झालो. मुलांना महायुद्ध शिकवू लागलो आणि एके दिवशी, न राहवून, आजीलाही ते सांगितले. त्या खुणेखाली साठ लाखांच्या आसपास ज्यू माणसे मारली गेली. बायका, लेकरे, म्हातारीकोतारी सुटली नाहीत. आजी बराच वेळ बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "दारातल्या रांगोळीचे असे कुणी केले रे?" त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर कोयता आणि विळी होती. खंजीर गुळाच्या डब्यावर तसाच पडून राहिला.

तर ते गृहस्थ. निवृत्त इंजिनीयर, पुण्याचे. महायुद्धातले जर्मन खंजीर आणि सैनिकांनी आणलेल्या वस्तू जमवण्याचा त्यांना छंद. खिशातला रुमाल काढून त्यांनी खंजीर उचलला. हाताच्या घामाने पोलाद गंजते म्हणाले.

"असली अमंगळ वस्तू जमवता कशाला?" मी विचारले.

"खुन्याचे हत्यार कोर्टात जपून ठेवतात, ते काय खुन्याच्या प्रेमाने?" ते हसून म्हणाले.

मग त्यांनी माझीच शाळा घेतली. हा लष्करी अधिकाऱ्यांचा खंजीर. १९३५ साली सुरू झालेला, गणवेशावर मिरवण्याचा. घडवलेला झोलिंगेन गावी. तलवारी आणि सुऱ्यांसाठी ते गाव पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. कारखान्याचा छाप पात्यावर मुठीलगत असतो. युद्ध संपल्यावर तिथल्या उरल्यासुरल्या भागांची जोडाजोड करून कितीतरी खंजीर विकले गेले आणि पुढे तर सबंध नकलीच निघाल्या.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनात रुतून राहिली. हिटलरच्या तपकिरी सदऱ्यांच्या दलाचा प्रमुख र्‍योम याने १९३४ साली आपल्या माणसांना खंजीर वाटले. पात्यावर मैत्रीचे शब्द आणि खाली त्याची सही. त्याच वर्षी हिटलरने र्‍योमला ठार करवले आणि हुकूम निघाला की ती अक्षरे घासून टाका. कुणी सगळी घासली, कुणी नुसते नाव घासले. न घासलेला खंजीर आज फार दुर्मिळ. म्हणून नकला त्याच्याच अधिक!

"म्हणून आम्हा छंदिष्टांत म्हणतात, वस्तू विकत घ्या, गोष्ट घेऊ नका."

"मग दाखला कशाला हवा?"

"गोष्ट निराळी, दाखला निराळा. अमेरिकन सैनिक अशा वस्तू घरी नेत तेव्हा त्यांच्या वरिष्ठाच्या सहीचा कागद लागे. तो कागद ज्या वस्तूबरोबर टिकला तिचा मान वेगळा. तुमच्या आजोबांचे पलटणीचे पुस्तक घरात आहे. खंजीर कसा मिळाला ते तुम्ही लिहून सही करा. मी दुप्पट पैसे देईन. तुम्ही तर कादंबरीकार! तुम्हाला काय अवघड?"

त्या रात्री मी लिहायला बसलो. खोटे कशाला सांगू? फार सुरेख उतरले. अंधारी रात्र, नदीचे थंडगार पाणी, कप्तानाच्या डोळ्यांतली भीती! वाचून पाहिले तेव्हा मला स्वतःलाच ते खरे वाटू लागले. कौलांचा हिशेबही मनाशी झाला. सही करायला लेखणी टेकवली आणि आठवले ते आजोबांचे शब्द.

मी तेव्हा आठवीत होतो. ते गूळ फोडीत होते आणि मी विचारले होते, "आजोबा, कप्तानाला कसे हो मारलेत?"

"कप्तानाला? अरे, मी पलटणीचा लांगरी! माझ्या हातात झारा," ते म्हणाले. मे महिन्यात जर्मन फौजा शरण आल्या, कैद्यांच्या रांगा लागल्या. त्यातला एक पोरगा स्वयंपाकाच्या तंबूशी आला. त्याने खंजीर पुढे केला आणि बोटाने तोंड दाखवले. आजोबांनी त्याला तीन रोट्या दिल्या.

"खंजीर त्याचाच होता?"

"त्याच्या साहेबाचा असेल. विचारू कुठल्या भाषेत?"

"मग गावाला खरे का नाही सांगितलेत?"

"कुणी विचारलेच नाही रे. सगळे मलाच सांगत होते!"

मी कागद फाडला. पोराचे वय वर्षभराने कमी न करणारा मास्तर स्वतःच्या आजोबाला झारा टाकून तलवार देणार होता! आणि त्या उपाशी पोराचे काय? माझ्या सुरेख कथेत तो मुळी उरलाच नव्हता. र्‍योमचे नाव घासणाऱ्यांत आणि माझ्यात मग फरक काय? मी दुसरा कागद घेतला आणि साध्या अक्षरांत, जसे ऐकले तसे, लिहून काढले.

गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "गुरुजी, याचे दुप्पट नाही देता येणार. लोकांना रणांगण लागते."

"ठाऊक आहे."

"पण हे खरे आहे. असले खोटे कुणी रचत नाही." त्यांनी साधी किंमत मोजली, कागदाची नीट घडी केली आणि खंजिराबरोबर नेला.

निम्मे छप्पर झाले. उरलेले पुढच्या वर्षी बघू. दिवाळीचा गूळ यंदा वरवंट्याने फोडला. सौभाग्यवती त्याबद्दल अजून कुरकुरते आहे. कागदाची नक्कल मी शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवली आहे. तिची शेवटची ओळ अशी आहे:

'गरुडाच्या पंखांत जो तांबडा डाग दिसतो तो रक्ताचा नाही, माझ्या आजीने वाहिलेल्या कुंकवाचा आहे. कृपा करून घासू नये.'