रविवारी बंद असणारं मैदान

जूनमध्ये हे आणि ह्यांचे तीन कॉलेजमित्र गोल्फ खेळायला स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजला गेले. खाकरे नि शेंगदाण्याची चटणी बांधून मीही सोबत होते.

समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची जमीन म्हणजे 'लिंक्स'. झाडांचा आडोसा नाही, वारा सतत. तिथल्या ओल्ड कोर्सवर वाळूचे कितीतरी खड्डे. चौघांचे चेंडू त्यांत वरचेवर जाऊन बसायचे.

एरवी रविवारी या कोर्सवर खेळ बंद असतो. गवताला विश्रांती मिळते, गावकरी मुलं-कुत्री घेऊन फिरतात. आम्हीही फिरलो.

चौघांपैकी एका भाऊजींची पत्नी वर्षापूर्वी गेली. इतके दिवस ते फक्त खेळाबद्दलच बोलत होते. त्या दिवशी मोजायला गुण नव्हते. स्विल्कनच्या दगडी पुलावर थांबून म्हणाले, "वहिनी, ती असती तर या वाऱ्यात आधी माझे कान बांधले असते." हे नुसते त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

अष्टमी-चतुर्दशीला आपण पोटाला विसावा देतो. सहलीतही एक दिवस असाच मोकळा ठेवा. साठलेलं बोलायला माणसाला तेवढी जागा लागते.