दहावी नापासाचा पासपोर्ट

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

काल सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. ट्रम्प यांनी सही केली : एच-वन-बी व्हिसाच्या अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. म्हणजे सुमारे ८८ लाख रुपये. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा घटस्थापनेसाठी आला होता. कंपनीचा निरोप आला, मिळेल त्या विमानाने परत या. रात्री तो टर्मिनल दोनवरून निघालासुद्धा, आणि आज सकाळी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना लागू, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. वहिनींनी घटाची तयारी तशीच ठेवली आहे, माझ्याशी मात्र बोलायला तयार नाहीत.

दुपारी त्या व्हिसाचं गणित वाचत बसले. वर्षाला ६५ हजार जागा, तिकडेच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. मार्चमध्ये नोंदणी, मग संगणकावर सोडत. अर्ज माणूस करत नाही, त्याची कंपनी करते. अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च कंपनीनेच सोसायचा, पगारातून कापायचा नाही, असा तिथला नियमच आहे. आमच्याकडे सीप्झ ही निर्यात-उद्योगांची वसाहत १९७३ साली सुरू झाली, तेव्हापासून मरोळची किती मुलं त्या गेटमधून आत शिरली आणि तिकडून परस्पर अमेरिकेला गेली! त्यांच्यातल्या कुणी अमेरिकेतली नोकरी मिळवायला आईच्या पाटल्या गहाण टाकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

कामाच्या मावशी भाच्याला घेऊन आल्या. चिपळूणकडचा, वेल्डर, नववीनंतर शाळा सुटलेली. सौदीला जायचंय. "ताई, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कागद कळतात," हे मावशींचं नेहमीचं.

पासपोर्ट नवाकोरा आणि त्यावर ईसीआर. म्हणजे सौदी, कुवेत, दुबई, कतार अशा ठरावीक देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी हवी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने हे काम एका अधिकाऱ्याकडे दिलंय, त्याचं नाव प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. दहावी पास असता तर ही अट लागली नसती. इन्कम टॅक्स भरणारा किंवा पन्नाशी उलटलेलाही सुटतो. शिकलेल्याला जग कळतं, न शिकलेल्याला सरकारने जपायचं, असा हिशेब. पाइपच्या जोडावरचा त्याचा हात मी पाहिलेला नाही, पण दहावीच्या गणिताशी त्याचा संबंध नसावा.

मावशी म्हणाल्या, त्यांनाही कधीकाळी कुवेतला घरकामाला जायचं होतं. तीस वर्षं पूर्ण नव्हती म्हणून राहिलं. ईसीआरवाल्या बाईला ती वयाची अट आजही आहे. त्याबद्दल त्यांना राग नाही, हेच मला खटकलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

गावातल्या माणसाने सांगितलेल्या एजंटकडे आम्ही तिघं गेलो. मरोळच्या आतल्या गल्लीत, गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर दुबईच्या टॉवरचं चित्र, लायसन्स कुठे दिसेना.

भाच्याने सिक्स-जीची टेस्ट आधीच दिली आहे. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका घट्ट बांधलेला असतो, तो फिरत नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, झोपून, उलटा होऊन जोड मारायचा. हे सांगताना पोरगा पहिल्यांदा मान वर करून बोलला.

एजंट म्हणाला, "एक दहा लागतील." म्हणजे एक लाख दहा हजार. कायद्याने एजंटला जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. मी आकडा सांगितल्यावर तो हसला. "मॅडम, तो पेपरवरचा." मग मावशींकडे वळून म्हणाला, सौदीचं लांबतंय, दुबईला व्हिजिटवर पाठवतो, तिकडे कन्व्हर्ट करून घेऊ, परवानगीची कटकटच नको.

खरी फट इथे आहे. परवानगी लागते ती कामाच्या व्हिसाला. त्याच माणसाला, त्याच पासपोर्टवर फिरायला जायचं असलं तर लागत नाही. मग बत्तीस वर्षांचा वेल्डर हातात परतीचं तिकीट घेऊन बुर्ज खलिफा बघायला निघतो आणि काउंटरवर अडवलं तर उत्तरं त्याने द्यायची. तिकडे काम करताना सापडला तर गुन्हेगारही तोच. करार नाही, विमा नाही, आणि कागदोपत्री तो कामगारच नाही, तर संरक्षक कुणाचं रक्षण करणार?

मावशी जिना उतरताना म्हणाल्या, "पन्नास हजार दिलेत ओ त्या गावच्या माणसाला." मला आधी सांगितलं नव्हतं. तो गावचा माणूस कायद्याला ठाऊकच नाही. सब-एजंट ही जातच कायद्यात नाही, त्यामुळे त्याची पावतीही नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बसले. एजंटचं नाव टाकलं की लायसन्स चालू की रद्द ते कळतं. कालच्या दसऱ्याचं सोनं वाटायला आलेल्या शेजाऱ्यांनाही दाखवलं. कुणालाच माहीत नव्हतं. या एजंटचं नाव यादीत नाही. दुसरा, रीतसर लायसन्सवाला सापडला. मोठ्या एजंटला सरकारकडे ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते, त्यामुळे त्याला गमावण्यासारखं काहीतरी असतं.

साखळी तशी चांगली बांधली आहे. तिकडच्या मालकाने नोंदणी करायची, किती माणसं हवीत ते कळवायचं, कराराचा नमुना द्यायचा, मग एजंट, मग प्रोटेक्टर, आणि शेवटी विमानतळावरच्या इमिग्रेशनला ते संगणकावर दिसतं. प्रवासी भारतीय विमा सक्तीचा : दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यूला दहा लाख. एवढा स्वस्त विमा आमच्या बँकेने कधी विकला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मेट्रो तीन कालपासून कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळे मरोळ नाक्यावर हौशींची गर्दी. आम्हाला बीकेसीलाच उतरायचं होतं. विदेश भवन २०१७ पासून तिथे आहे, पासपोर्ट ऑफिस आणि प्रोटेक्टर एकाच इमारतीत. पन्नास हजारांची तक्रार लिहून दिली. मी लिहिली, सही भाच्याची. मिळतील असं मला वाटत नाही.

अमेरिकेची वकिलातही बीकेसीतच. तिच्या बाहेर फायली छातीशी धरून उभी असलेली मुलं बघून भाच्याने विचारलं, "काकू, यांना पण परवानगी लागते?" म्हटलं, त्यांना तिकडच्या सरकारची लागते, तुला दोन्हीकडची.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

नव्या एजंटकडून करार आला. १६०० रियाल, राहणं मालकाचं, जेवण स्वतःचं, दोन वर्षं. मी प्रत्येक कलम वाचून मराठीत सांगितलं. त्याने ओव्हरटाइमचं पुन्हा विचारलं, तेवढंच.

पेपरात आलंय की १९८३ चा कायदा जाऊन नवा येणार, मसुदा सूचनांसाठी जाहीर झालाय. मसुद्यात सब-एजंटचं काय केलंय ते मी आधी शोधणार.

मावशींच्या डोक्यात वेगळंच. पोराने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यावी, म्हणजे पुढच्या खेपेला ईसीआरचं लचांड नको. मी म्हटलं, खरंय, परवानगी नको. पण मग करार तपासणारं आणि विम्याची सक्ती करणारंही इकडे कुणी नाही. व्हिजिटवाला एजंट तर दहावी पासला आणखी सुखाने उडवेल. मावशी विचारात पडल्या.

भाचा म्हणाला, "काकू, फॉर्म भरायचा. पण ही खेप याच कागदावर."