सेन्योराचं ग्रीन कार्ड

"ग्रीन कार्ड आहे का?" एवढंच मी विचारलं होतं. ती हसली आणि "नो" म्हणाली. त्या वेळी मला ते हसू चोरी पकडली गेल्यावर ओशाळलेल्या माणसाचं वाटलं. आज ते आठवलं की ओशाळायची पाळी माझ्यावर येते.

न्यू जर्सीत आमचं पोळी-भाजीचं किचन आहे. आधी घरातून डबे, मग भाड्याची जागा, परवाने, तपासण्या. या धंद्यातल्या सगळ्यांचं तेच असतं, सांगत बसत नाही. 2023 ची दिवाळी 12 नोव्हेंबरला होती. ऑक्टोबरातच फराळाच्या ऑर्डरींनी वही भरली. कामाला पाच माणसं होती, तरी सोऱ्या फिरवायला आणि तळणीसमोर उभं राहायला हात कमी पडत होते. शेजारच्या बेकरीवाल्याच्या ओळखीने एक पन्नाशीच्या बाई आल्या. स्पॅनिश बोलायच्या, इंग्रजी मोडकंतोडकं. त्या मला सेन्योरा म्हणायच्या, मीही त्यांना सेन्योरा. पहिल्याच दिवशी त्यांनी चकलीचा काटा असा पाडला की आमच्या जुन्या बायका बघत राहिल्या.

इथे कोणालाही कामावर घेतलं की आय-नाइन नावाचा फॉर्म भरावा लागतो. वरचा भाग कामगाराने पहिल्या दिवशी भरायचा, खालचा मालकाने कागद स्वतः पाहून कामाच्या तीन दिवसांच्या आत. फॉर्म सरकारकडे पाठवायचा नसतो, आपल्याच फाइलीत ठेवायचा. तपासनीस आले तर दाखवायचा. सेन्योराने वरचा भाग भरून दिला आणि सोबत ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ठेवलं. मी वरचा भाग वाचलाच नाही. कढईत तेल तापलेलं होतं. तिचा रंग, तिची भाषा, तिचं आडनाव एवढं मी वाचलं आणि ग्रीन कार्ड मागितलं.

"नो" म्हटल्यावर तिने छातीवर हात ठेवून आणखी एक शब्द उच्चारला, "बोरिक्वा". मला कॅरमची बोरिक पावडर आठवली. अगदी खरं सांगते, मी मनात हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जन्मदाखला घेऊन आली. स्पॅनिश मजकूर, घडीवर विरलेला. त्यावर प्वेर्तो रिको असं लिहिलेलं. प्वेर्तो रिको माझ्या लेखी वेगळा देश होता. का नसावा? ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ वेगळा. 1994 साली सुष्मिता सेनच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी आदल्या वर्षीची विश्वसुंदरी प्वेर्तो रिकोची होती, हे डोंबिवलीतल्या आमच्या टीव्हीवर मी पाहिलेलं. म्हणजे ही बाई स्वतःच परदेशात जन्मल्याचा पुरावा आणून देतेय, असा मी अर्थ लावला. "कार्ड मिळालं की या," म्हटलं, दोन दिवसांचा चेक दिला. तिने दाखल्याची पुन्हा तशीच घडी घातली, पिशवीत ठेवला, आणि जाताना ओट्यावरचं सांडलेलं पीठ फडक्याने पुसून गेली. ते पुसणं मला विसरता येत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या शुक्रवारी पगाराचा हिशेब बघणाऱ्या बाईंना फोनवर मी हे जरा फुशारकीनेच सांगितलं. मी किती काळजी घेते, वगैरे. त्यांनी एकच विचारलं, "तिने वर कुठल्या चौकटीत खूण केलीय?" मी फाइल काढली. पहिल्या चौकटीत होती. अमेरिकेची नागरिक.

प्वेर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथली माणसं 1917 पासून अमेरिकेची नागरिक आहेत. बोरिक्वा म्हणजे प्वेर्तो रिकोचा माणूस. ग्रीन कार्ड तिच्याकडे नव्हतं, कारण नागरिकाला ते मिळतच नाही! ते असतं माझ्यासारखीकडे. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून मी अजून ग्रीन कार्डावर आहे. म्हणजे या देशात पाहुणी मी, आणि घरच्या बाईकडे दारात उभी राहून ओळखपत्र मागणारीही मीच.

पुढचं तर आणखी बोचतं. लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड हे दोन कागद पुरेसे होते. कोणते कागद दाखवायचे हे कामगार ठरवतो. यादीतले असतील आणि खरे वाटत असतील तर मालकाने मुकाट्याने घ्यायचे. अमुकच दाखव म्हणणं हेच बेकायदा, आणि हे फॉर्मच्या डोक्यावर छापलेलं आहे. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने तो फॉर्म आटोपशीर करून एका पानावर आणला होता. तेवढं एक पानही मी वाचलं नाही. आणि तो विरलेला जन्मदाखला? तो मी मान्य केला असता तर तेही चुकलं असतं. प्वेर्तो रिकोने जुलै 2010 पूर्वीचे दाखले रद्द केलेत, आय-नाइनला ते चालत नाहीत. तिला सगळ्यात पक्का वाटलेला कागद बाद, आणि मी बाजूला सारलेले दोन पक्के.

आय-नाइनमागचा हा कायदा 1986 चा. बेकायदा माणूस जाणूनबुजून ठेवला तर मालकाला दंड, ही त्यातली मुख्य गोष्ट. पण दंडाच्या धाकाने मालक परके दिसणाऱ्या प्रत्येकाला दारातून हाकलतील, ही भीती तेव्हाच बोलून दाखवली गेली, म्हणून भेदभावाची मनाई त्याच कायद्यात घातली. इकडे आड तिकडे विहीर. ज्या मालकाची कायदा करणाऱ्यांना भीती होती ती मी निघाले.

आणि त्याच महिन्यात मंडळातल्या एक वहिनी डबे भरायला येत होत्या. त्या एच-फोरवर, नोकरदार नवऱ्यामागून येणाऱ्या बायकोच्या व्हिसावर. एच-फोर म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. 2004 मध्ये त्याच व्हिसावर आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. आठ वर्षं घरी बसले. 2015 पासून त्यातल्या काही जणींना परवाना मिळतो. वहिनींकडे तो होता, देवाची कृपा, पण मी तो तीन आठवड्यांनी पाहिला. आपलीच माणसं, त्यांना काय कागद मागायचे? हिशेबवाल्या बाईंनी बजावलं, मागची तारीख टाकू नका. आजचीच टाका आणि उशीर का झाला याची चिठ्ठी जोडा. जोडली. "आपली वाटली म्हणून" असं कारण लिहिता येत नाही. "दिवाळीची गडबड" लिहिलं.

नवीन धंदा काढणाऱ्यांना एवढंच सांगेन: न्याय खात्यातल्या अशा भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागाची मालकांसाठी फोनसेवा आहे, नाव न सांगता विचारता येतं. मी विचारलं, पण उशिरा. मात्र रागही येतो. सणाच्या तोंडावर तळणीसमोर उभ्या बाईने व्हिसा अधिकाऱ्याचं काम फुकटात करायचं, कमी केलं तरी दंड, जास्त केलं तरी दंड, हा कुठला न्याय? पुन्हा वाटतं, कसला राग. माझं चुकलं ते कायदा अवघड होता म्हणून नव्हे. वहिनींच्या बाबतीत तोच कायदा मला आठवलासुद्धा नव्हता.

सेन्योराला फोन केला, माफी मागितली, परत बोलावलं. तिला पर्थ अँबॉयमध्ये दुसरं काम मिळालं होतं. "नो प्रॉब्लेमा" म्हणाली. तक्रारीची मुदत 180 दिवसांची असते. एप्रिल संपेपर्यंत मी रोज पत्रपेटी उघडताना दचकत होते. मुदत उलटली त्या दिवशी मला खूप हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज वाटायला हवी होती. वाटली, पण दुसऱ्या दिवशी.

सोडून गेलेल्याचाही फॉर्म नेमणुकीपासून तीन वर्षं किंवा काम सुटल्यापासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल तोवर जपावा लागतो. तिचा ऑक्टोबर 2026 पर्यंत. पहिल्या चौकटीतली खूण चांगली ठळक आहे, पेन दाबून केलेली. खालचा माझा भाग कोरा.