टिटवीची हाक

मे महिन्यात आम्ही दापोलीजवळच्या आजोळी गेलो, तेव्हा नानी अंथरुणाला खिळल्या होत्या. रात्री टिटवी ओरडली आणि मामींचा चेहराच उतरला. टिटवी ओरडली की घरातले कुणी जाते, असा समज.

सकाळी आम्ही शेतात गेलो. उघड्या ढेकळांत चार ठिपकेदार अंडी होती आणि टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत तीच हाक देत होती. रात्री कुत्रा, कोल्हा जवळ आला तरी ती अशीच ओरडते. पक्ष्यांवरून अपशकुन मानणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नाकारले, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, तरी रात्री कुणाला झोप लागली नव्हती.

नानींना अंड्यांचे सांगितले. त्या हसल्या. "म्हणजे तीही आईच की! पाऊस पडला की नांगर तेवढा बाजूने फिरवा."